दाब, धर, सोड

वाचकहो, आरंभीच नम्रतापूर्वक निवेदन करतो की, पुढे जी कथा येत आहे तीत कोणताही रोमहर्षक प्रसंग घडत नाही. तीत चोरी नाही, खून नाही, प्रेमभंग म्हणावा तर तोही नाही. एक जुनी मोटार, तिच्या पोटातील नाना प्रकारची तेले व पाणी, आणि उतारवयास लागलेले दोन सख्खे भाऊ, एवढाच ह्या कथेचा संसार आहे. त्यांतील धाकट्यास थोरल्याला एक प्रश्न विचारावयाचा होता. तो त्याने कसा विचारला आणि त्यास काय उत्तर मिळाले, एवढेच मी सांगणार आहे. परंतु मनुष्याच्या अंतःकरणात शिरल्यावाचून ते सांगता येणार नाही. म्हणून थोडा विस्तार होईल, त्याची क्षमा असावी.

धाकट्याचे वय साठीच्या पुढे गेले होते. तथापि मी त्यास धाकटाच म्हणणार, कारण जगात एक माणूस अजून त्यास त्याच नावाने हाक मारीत असे, आणि आपण कोण ह्याविषयीचे त्याचे सारे ज्ञान त्या एका हाकेवर उभे होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढता काढता त्याची नोकरी संपली. लग्न राहून गेले. राहून गेले हाच शब्द योग्य होय. कोणी नकार दिला नव्हता की कोणी आडवे आले नव्हते. एखाद्या शर्टाचे बटण लावावयाचे राहून जाते आणि पुढे तसाच शर्ट अंगवळणी पडतो, तसे ते झाले. राहत्या इमारतीच्या मागे अंगण, अंगणात पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ती मोटार. दोघा भावांनी ऐन तारुण्यात मिळून घेतलेली, काळपट हिरव्या रंगाची, वाटोळ्या दिव्यांची. तिच्यासारखी दुसरी आता रस्त्यावर दिसत नाही. ही देखील रस्त्यावर क्वचितच दिसे. दर रविवारी शेडमधून अंगणाच्या भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून पुन्हा शेडमध्ये, एवढाच तिचा प्रवास उरला होता.

अशाच एका रविवारी सकाळी त्याने मोटारीवरील खोळ काढून घडी केली, इंजिन सुरू केले आणि तिला हळूहळू बाहेर काढले. भिंत जवळ आली तसा त्याने ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय खाली गेला. नेमके काय झाले ते नीट सांगितले पाहिजे. ब्रेक मुळीच लागला नाही असे नव्हे. एरवी पाय दाबला की अर्ध्या वाटेवर गाडी त्या पायास उत्तर देते, कणखर, ताठ असे उत्तर. ते उत्तर आले नाही. ओल्या स्पंजात रुतावा तसा पाय रुतत गेला आणि तळाला टेकला. त्याने हातब्रेक ओढला, गाडी थांबली, भिंत वीतभर राहिली. परंतु भिंतीचे भय त्यास वाटलेच नाही. आपण हात पुढे करावा आणि समोरच्याने तो न घेता इतरांशी बोलत राहावे, अशा वेळी त्या हाताचे जे होते ते त्याच्या पायाचे झाले. इंजिन धडधडत होते. तो तसाच बसून राहिला. त्याने पाय उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा तसाच तो खाली गेला, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की, हे आपणांस ठाऊक होते.

जी गाडी रोज चालते तिच्या पोटात काय आहे ह्याची फारशी चिंता करावी लागत नाही. जी उभी असते तिचेच सारे करावे लागते. उभ्या गाडीच्या इंजिनातील तेल न चालताही काळवंडते. रेडिएटरमधील पाण्यास गंज धरतो. टाकीतले पेट्रोल शिळे होऊन त्यास जुन्या वॉर्निशाचा वास येतो. बॅटरीतील पाणी तर कोणी न पिताच आटते. धाकटा हे सारे वेळच्या वेळी, अंथरुणास खिळलेल्या माणसाची सेवा करावी तशा निष्ठेने करीत असे. इंजिन थोडे गरम करून, तळाचा बोल्ट सोडून, काळे तेल पसरट भांड्यात गळताना तो उकिडवा बसून पाहत राही. ही सारी कामे एकट्याने करता येतात. किंबहुना एकट्या माणसासाठीच ती निर्माण झाली असावीत असे त्यास वाटे. एकट्याने होत नाही असे ह्या मोटारीत एकच काम होते, आणि ते म्हणजे ब्रेकचे तेल बदलणे.

ब्रेकचे तेल हवेतील ओल पिते आणि हळूहळू निकामी होते. ते वरच्या लहानशा डबीतून बारीक नळ्यांवाटे चारही चाकांपर्यंत गेलेले असते. ते बदलावयाचे तर एकाने आत बसून पॅडल दाबावे लागते आणि दुसऱ्याने चाकाशी आडवे होऊन तेथील पितळी तोटी सैल करावी लागते. खालचा म्हणतो, "दाब." वरचा दाबतो. तोटी उघडते, जुने तेल रबरी नळीतून बाटलीत येते, पॅडल तळाला जाते. खालचा म्हणतो, "धर." वरचा पाय तसाच रोवून धरतो आणि खालचा तोटी आवळतो. मग "सोड." तोटी आवळण्यापूर्वी पाय उचलला, तर नळी उलटी हवा ओढते आणि केले सवरले सगळे वाया जाते. म्हणून ह्या कामात एकमेकांचे तोंड दिसत नसले तरी एकमेकांचा शब्द मानावा लागतो. पूर्वी दादा वर बसे आणि धाकटा खाली निजे. पुढे दादा नदीपलीकडच्या वस्तीत राहावयास गेला, वहिनी गेल्या, दादाचा गुडघा गेला, आणि धाकट्याने एक युक्ती काढली. इंजेक्शनच्या पिचकारीने तो वरच्या डबीतले काळसर तेल ओढून घेई आणि तीत नवे, मधाच्या रंगाचे तेल भरी. झाकण उघडून पाहावे तर तेल कोरे करकरीत. खाली, चाकांपाशी, जुने तसेच ओल पीत पडलेले. ह्या लबाडीस तो देखभाल म्हणत असे.

भावाभावांचे बोलणेही वरच्या डबीतलेच झाले होते. भांडण कधीच झाले नव्हते, हीच खरी अडचण होती. भांडण असते तर ते मिटविता आले असते. दर रविवारी फोन होई. आदल्या रविवारी झाला तो असा: दादाने विचारले, "गाडी चालू केलीस?" धाकटा म्हणाला, "केली." "तेलपाणी?" "झालं." "आणि तुझ्या गुडघ्यांचं वंगण?" "ते तुझं संपलंय, माझं नाही." दादा हसला. त्याच्या हसण्यात एक शीळ मिसळलेली असे. आयुष्यभर लोकांच्या कवळ्या घडविणाऱ्या ह्या माणसाची स्वतःची कवळी मात्र नीट बसत नव्हती. मग तो म्हणाला, "बरं, ऐक. पोरगी येतेय महिनाअखेरीस. मला घेऊन जाते म्हणते. तिकडेच." तिकडे म्हणजे विमानाने जावे लागते असे दुसऱ्या देशातील एक शहर. "तिकडेच" ह्या शब्दातील शेवटचा "च" धाकट्याच्या कानात शिरला. तो म्हणाला, "बरं झालं. उत्तम झालं." दादा म्हणाला, "हो ना. उत्तमच." फोन ठेवल्यावर धाकटा स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्याला. तरी उत्तम हा शब्द आठवडाभर घशातून खाली उतरला नाही. त्याला म्हणावयाचे होते, जाऊ नकोस, माझ्याकडे ये. हे वाक्य त्याच्यापाशी कित्येक वर्षे तयार होते. ते इतके तयार होते की, आपण ते कधीतरी म्हटलेच असणार, असेही त्यास कधी कधी वाटत असे.

इंजिन बंद करून तो वळणावरच्या गॅरेजात गेला. तेथील मिस्त्रीला सारा रस्ता मामा म्हणतो. मामा एका मोटारीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत गडप झालेला होता आणि आतूनच बोलत होता.

"काका, आज पायी? राणीसरकार रुसल्या वाटतं?"

"पॅडल खाली जातंय."

"जाणारच. बसवून ठेवलीय तिला. माणूस बसवून ठेवला तर त्याचेही सगळे पार्ट ढिले होतात." मामा बाहेर आला, हात पुसू लागला. "घेऊन या. माझ्याकडे हवेवरचं यंत्र आहे. चाकाला लावलं की जुनं तेल आपोआप खेचून घेतं. दुसरा माणूस लागत नाही. मी आणि यंत्र, झालं काम."

"नको," धाकटा म्हणाला. नको हा शब्द त्याच्या तोंडून इतक्या घाईने गेला की त्याचे त्यालाच नवल वाटले. "माझा माणूस आहे."

"कोण?"

"दादा."

"ते कवळीवाले? अहो, त्यांना टॅक्सीची पायरी चढवत नाही, ते ब्रेक काय दाबणार!"

"बसूनच दाबायचा असतो," धाकटा म्हणाला, आणि नव्या तेलाचा डबा काखेत मारून बाहेर पडला. रस्त्याने चालताना त्यास कळून आले की, आपणांस एक सबब सापडली आहे. माणसास माणसाकडे जाण्यासाठी सबब लागावी ह्याची लाज त्यास वाटावयास हवी होती, परंतु वाटला तो आनंद. घरी पोहोचताच त्याने फोन लावला. "दादा, ब्रेकचं तेल बदलायचंय. एकट्याला होत नाही."

पलीकडे दूरदर्शन संचाचा आवाज बारीक झाला. "म्हणजे एवढी वर्षं बदललंच नाहीस?"

"वरचं बदलत होतो."

"वा! आणि कचेरीत तुला म्हणे नळांची बढती मिळाली होती." मग निराळ्या आवाजात, "उद्या सकाळी येतो. जुनी पँट काढून ठेव. माझ्या मापाची तुझ्याकडे नसेलच म्हणा. राहू दे, मी माझीच घालून येतो."

त्या रात्री त्यास झोप लागली, हे विशेष म्हणून सांगतो. सकाळी त्याने गाडी जॅकवर चढविली, खाली लाकडी ठोकळे ठेवले, चारही चाके उतरविली आणि भिंतीशी ओळीने टेकून ठेवली. चाके काढलेली मोटार पाहताना त्यास नेहमी संकोच वाटे. एखाद्या आदरणीय व्यक्तीस अनवाणी पाहावे तसा. मग टॅक्सी आली. प्रथम काठी बाहेर आली, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग दादा. तो अजूनही धाकट्याहून वीतभर उंच होता. वयाने त्यास वाकविले होते, तरी वाकूनही उंच. अंगणात उभा राहून त्याने मोटारीकडे पाहिले, धाकट्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "दोघांपैकी जास्त गंज कुणाला लागलाय ते कळत नाही." टॅक्सीवाल्यास त्याने दुपारी परत येण्यास सांगितले. दुपारी. धाकट्याने तो शब्द ऐकला आणि मनातल्या मनात दुपारपर्यंतचे अंतर मोजू पाहिले.

दादा आत बसला. डबीपासून सर्वांत लांब जे चाक त्यापासून आरंभ करावयाचा असतो. म्हणून धाकटा मागच्या पलीकडच्या चाकाशी जमिनीवर आडवा झाला. गार फरशीचा स्पर्श गालास झाला. "दाब," तो म्हणाला. "दाबलं," गाडीच्या पोटातून आवाज आला. त्याने पाना फिरविला. तोटी प्रथम हटली नाही, मग एकदम सुटली, आणि नळीतून काळे, गढूळ, चहाच्या गाळासारखे तेल बाटलीत उतरू लागले. "धर." "धरलंय." "सोड." "सोडलं." किती वर्षांनी हे शब्द हवेत उच्चारले जात होते! तारुण्यात हे काम करताना दादा वर बसून गाणी गुणगुणत असे आणि धाकट्याने धर म्हटल्यावर गाण्यातला सूरही तसाच लांबवून धरीत असे. तेव्हा त्या दोघांस कोठे जावयाचे असे. गाडी त्यासाठीच नीट करावयाची असे. आता विचारावे का? परंतु दादा वरून म्हणाला, "काय रे, माझा पाय झोपला, तू तर झोपला नाहीस ना?" आणि प्रश्न विचारावयाची घडी हसण्यात निघून गेली.

दुसऱ्या चाकाशी तो सरपटत गेला. गतवर्षीच्या उन्हाळ्यात दादा आठवडाभर त्याच्याकडे राहावयास आला होता, गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवावयाचे म्हणून. तो आठवडा धाकट्याच्या आयुष्यात एखाद्या उजळ खोलीसारखा होता. सकाळी दुसऱ्या खोलीतून खोकला ऐकू येई. न्हाणीघरात दुसरा टॉवेल ओला असे. धाकट्याने दादासाठी स्वतःचा पलंग दिला, पडदे धुतले, डॉक्टरकडे नेले-आणले. आपल्यामुळे दादाची कसलीही अडचण होऊ नये, त्यास येथे अडकून पडल्यासारखे वाटू नये, ह्याची त्याने डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली. दादा गेला त्या संध्याकाळी तो ओला टॉवेल त्याने वाळत घातला नाही. "दाब." "दाबलं." तेल अद्याप काळेच होते. "धर." "धरलंय रे, धरलंय. पॅडल आहे, पळून जात नाही." त्या शब्दांसरशी धाकट्याने तोटी आवळली.

तिसऱ्या चाकाशी येईतो सूर्य शेडवर आला होता. धाकट्याने वाक्याचा नकाशा मनात काढला. आधी घराचे बोलावे, की एक खोली रिकामीच असते. मग जिना कमी आहे असे सांगावे. मग सहज, जाता जाता. परंतु नकाशावर सगळ्या रेघा सरळ असतात आणि प्रत्यक्ष जमिनीत मधेच खडक लागतो, हे त्याच्या नोकरीतील ज्ञान येथेही त्यास आठवले. दादा नाही म्हणाला तर? नाही म्हणण्याचेही त्यास विशेष भय नव्हते. भय होते ते दादा दया करून हो म्हणेल ह्याचे; आणि त्याहूनही, दादा हसण्यावारी नेईल ह्याचे. एवढा विचार होईतो तिसऱ्या चाकाचे तेल स्वच्छ झाले, नळीत मधाचा रंग आला, आणि त्या चाकाशी त्याला दाब, धर म्हणावयाचे काही कारण उरले नाही.

चौथे चाक चालकाच्या बाजूचे पुढचे. तेथे आडवे झाल्यावर उघड्या दारातून त्यास दादाचा बूट दिसू लागला. बुटाच्या वर मोजा, आणि मोज्याच्या वर सुजलेला, चकचकीत घोटा. ह्या पायाने आपण एवढा वेळ काम करून घेतले! "दाब," तो म्हणाला. बूट खाली गेला. धाकट्याने तोटी उघडली. तेल वाहू लागले. आता धर म्हणावयाचे, एवढेच त्याने करावयाचे होते. परंतु तोंडातून निघाले ते निराळेच.

"दादा, जाऊ नकोस. माझ्याकडे ये राहायला. कायमचा."

बूट पॅडलवरून उचलला गेला.

नळीतील तेल सरसर मागे ओढले गेले, त्यामागून बुडबुड्यांची माळ आत शिरली, आणि तोटीपाशी गुळगुळ असा आवाज झाला.

"पाय उचललास," धाकटा म्हणाला.

"उचलला," दादा म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "गाढवा, तोटी उघडी असताना असलं विचारतात का? चार तास मी इथे बसलोय ठोंब्यासारखा, तेव्हा नाही सुचलं?"

"सुचत होतं."

"हवा गेली?"

"गेली."

"सगळ्या चाकांत?"

"ह्या चाकात. पुन्हा करावं लागेल."

"मग कर. डबीत तेल भर आधी, बावळटासारखा पडून राहू नकोस."

धाकटा उठला, त्याने डबी भरली. त्याने मुद्दामच काचेतून आत पाहिले नाही. पुन्हा तो गार फरशीवर आडवा झाला. बूट आपल्या जागी आला होता.

"दाब."

"दाबलं. गेल्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे कशाला आलो होतो?"

"गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवायला. धर."

"धरलंय. गुडघ्याचा डॉक्टर माझ्या घरासमोर राहतो. खिडकीतून त्याचे वाळत घातलेले मोजे दिसतात मला."

धाकट्याचा हात पान्यावर थांबला. बाटलीत बुडबुडे फुटत होते.

"आवळ," दादा म्हणाला. "माझा पाय भरून येतोय."

"सोड."

"सोडलं. आणि रोज सकाळी चहा देताना तू मला काय विचारायचास? आठव."

आठवावयाची आवश्यकता नव्हती. तो उजळ आठवडा, प्रत्येक सकाळ, चहाचा कप, आणि कपामागून स्वतःचा आदबशीर आवाज त्यास जसाच्या तसा ऐकू आला. दादा, टॅक्सी कोणत्या दिवशी सांगू? रोज. न चुकता. आपण किती काळजी घेतो हे दाखविणारा तो प्रश्न.

"मी आपला तुझी गैरसोय नको म्हणून विचारत होतो."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर रागावताही येईना. दाब म्हण."

"दाब."

"दाबलं. सातव्या दिवशी म्हटलं, सांग बाबा टॅक्सी. त्याच आठवड्यात पोरीला कळवलं, ये मला न्यायला. तिनं खोली लावलीय. खिडकीपाशी पलंग टाकलाय. नातीला सांगून ठेवलंय की आजोबा रोज शाळेत सोडायला येणार. ती आजोबांचा हात धरून चालायची तालीम करते म्हणे, उशी धरून."

"धर," धाकटा म्हणाला.

"धरलंय. आता तिला नाही म्हणवत नाही मला. नाही रे, धाकट्या. आता नाही."

धाकट्याने तोटी आवळली. जरुरीपेक्षा अधिक आवळली गेली असावी. नळीतील शेवटचा बुडबुडा बाटलीच्या तळाशी थांबला, थरथरला, आणि वर जाऊन फुटला. त्यानंतरचे तेल स्वच्छ होते. पलीकडच्या इमारतीत कोणी गालिचा झटकत होते. फरशीवर गाल टेकून तो त्या बुटाकडे पाहत राहिला. बूट अजून पॅडलवर तसाच रोवलेला होता, जोराने. दादाचा घोटा कापत होता. सोड म्हणेपर्यंत सोडावयाचे नसते, आणि सोड म्हणावयाचे धाकट्याच्याच हाती होते. काही वेळ त्याने ते म्हटले नाही. वरूनही कोणी घाई केली नाही.

"सोड," तो म्हणाला.

"सोडलं."

मग दादाने पॅडल दाबून पाहिले. एकदा, पुन्हा, आणि कारण नसताना आणखी कितीतरी वेळा. "दगड झालाय नुसता!" तो म्हणाला. "ये, बघ." धाकट्याने उघड्या दारातून हात घालून, वाकून, हातानेच पॅडल दाबले. ते कणखर होते. अर्ध्या वाटेवर त्याने उत्तर दिले. दोघांनी मिळून चाके चढविली. म्हणजे धाकट्याने चढविली आणि दादाने काठीने नट दाखविले. "हा ढिला आहे. हा पण. तुझे डोळे कुठे आहेत?" नंतर दोघांनी पायरीवर बसून चहा घेतला. त्या वेळी कोणी काही विचारले नाही. टॅक्सी आली.

टॅक्सीत बसताना प्रथम पाय आत गेला, मग दादा, मग काठी. काच खाली करून त्याने विचारले, "हे तेल पुन्हा बदलावं लागतं ना?"

"लागतं."

"तेव्हा कोण दाबणार?"

"मामाकडे यंत्र आहे."

"यंत्र बरं," दादा म्हणाला. "काही विचारलंस तरी पाय उचलणार नाही." त्यास हसावयाचे होते, पण हसण्यातली ती शीळ अर्धीच वाजली. त्याने हात बाहेर काढला आणि धाकट्याच्या गालावरची फरशीची धूळ अंगठ्याने पुसली, लहानपणी पुसावी तशी, जरा जोराने, कातडी ओढली जाईल अशी. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली.

धाकटा अंगणात परतला. पाने पुसून ठेवले, बाटली बाजूस केली. गाडी शेडमध्ये घालावयाची म्हणून तो आत बसला, दार लावले, ब्रेकवर पाय ठेवावयास गेला. आणि पाय पोहोचला नाही. दादाने सीट मागे सरकविली होती, आपल्या लांब पायांच्या मापाने. समोरचा आरसाही त्याने आपल्या डोळ्यांच्या उंचीस वळवून घेतला होता. त्यात धाकट्यास रस्ता दिसेना, केवळ गाडीचे छत दिसत होते. सीटखालचा खटका बोटांस लागत होता. तो ओढला असता तर सीट एका झटक्यात पुढे आली असती. त्याने खटका ओढला नाही. तो घसरून खाली झाला, पाय ताणला, बुटाच्या टोकाने पॅडलला जेमतेम स्पर्श केला. पॅडल तसूभरही हलले नाही. ऊन काचेवरून उतरून त्याच्या गुडघ्यांवर आले आणि पुढे सरकले, तरी तो त्या मोठ्या जागेत, हात चाकावर ठेवून, तसाच बसून राहिला. गाडी त्या दिवशी अंगणातच राहिली.

येथे माझी लेखणी थांबते. आपला अमूल्य वेळ खर्चून आपण दोन म्हाताऱ्या भावांच्या ह्या कामात शेवटपर्यंत सोबत केलीत, ह्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे. लिहिण्यात काही उणेअधिक झाले असल्यास ते माझे समजावे.

आपला नम्र,
रंगनाथ